टाकीतलं पाणी

त्यानं माझी मान धरली आणि तोंड कंप्रेसरच्या टाकीखाली घातलं. टाकीच्या पोटाला खालून एक छोटा कॉक असतो. तो उघडला की आत साचलेलं पाणी बाहेर येतं. तांबडं, गंजाचं पाणी, वर तेलाचा तवंग. मागं दाबलेली हवा असते म्हणून ते नुसतं पडत नाही, फवारत येतं. माझ्या नाकात गेलं, डोळ्यांत गेलं. मी दात आवळून धरले होते. दुसऱ्यानं पाठीत गुडघा घातला आणि माझं तोंड उघडलं.

"पी बे," बाळराजे म्हणाला. "पाणी पाणी करतोस न्हवं मघापासून? पी."

मी प्यालो. आधीच सांगून टाकतो, नाहीतर वाचणारा वाट बघत बसेल की हा आता उठेल, उलटा वार करेल. नाही उठलो. चौघं होते. प्यालो. दसऱ्याचा दिवस होता, लोक घरी श्रीखंड खात होते.

मी गाड्या रंगवतो. चौसाळ्याला हायवेच्या कडेला एक डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज आहे, तिथं कामाला होतो. मालकाला सगळे शेठ म्हणायचे, मीही म्हणायचो. बाळराजे हा तात्यांचा मुलगा. तात्या म्हणजे आमच्या भागातले पुढारी. जमीन त्यांची, सोसायटी त्यांची, निवडणुकीत उभा राहणारा त्यांचा आणि पडणाराही त्यांचाच. माझा बाप त्यांच्याकडं सालगडी होता. गुडघे गेले तेव्हा सुटला. आम्ही मातंग. गावात वस्तीला नवं नाव देऊन कमान उभी केली आहे, पण पत्ता विचारला तर लोक जुनंच नाव सांगतात आणि हात लांब करून दाखवतात.

मला वाटायचं, हातात हुनर आलं की ही भानगड मागं पडते. रंग मारायची गन हातात घेतली की मी कुणाचा कोण हे पत्र्याला कळत नाही. बीडपासून लोक माझ्याकडं गाडी घेऊन यायचे. रंगाला रंग असा जुळवायचो की ठोकलेली बाजू कुठली ते गाडीच्या मालकालाही सापडत नसे. लोक म्हणायचे, पेंटरचा हात लई साफ. मी खूश व्हायचो. खुळा होतो.

रंगाच्या कामात सगळ्यात वाईट वैरी म्हणजे पाणी. हवा दाबली की तापते, टाकीत थंड झाली की तिला घाम सुटतो. तो घाम टाकीच्या तळाला साचतो. वेळेवर काढला नाही तर हवेबरोबर पाईपात चढतो आणि गनमधून रंगासोबत गाडीवर पडतो. रंगात एक थेंब अडकला तरी तिथं डाग पडतो, नाहीतर उन्हात फोड येतो. म्हणून सकाळी आल्या आल्या कॉक उघडायचा, मधून मधून उघडायचा, जाताना परत उघडायचा. गॅरेजात पाईप मीच बसवला होता, उतार देऊन, म्हणजे पाणी माघारी टाकीकडं जावं. गनच्या अलीकडं पाणी अडवायचा फिल्टर लावला होता. त्याची काचेची वाटी भरली की तीही मीच रिकामी करायचो. दसऱ्याच्या सुमाराला आमच्याकडं परतीचा पाऊस असतो. हवा नुसती ओली. त्या दिवसांत टाकी तांब्यातांब्यानं पाणी ओकते.

वर्षभर त्या मशिनीवर माझाच हात. बेल्ट मी बदलायचो, तेल मी बघायचो, कॉक मी उघडायचो. फक्त खंडेनवमीला नाही.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. शेठनं पाने, हातोड्या, जॅक धुऊन सतरंजीवर मांडले. कंप्रेसरला झेंडूचा हार घातला, टाकीवर कुंकवाचे पट्टे ओढले. मग मला म्हणाला, आता दसऱ्याला मी चालू करीपर्यंत मशिनीला हात लावू नको. तो सगळ्यांना तसं म्हणाला नाही. डेंटिंगचा मिस्त्री त्याच्या भावकीतला. तो मशिनीला टेकून तंबाखू मळत होता. मला कळायचं ते कळलं. आदल्या वर्षीही असंच झालं होतं. पण आदल्या वर्षी सणाला काम नव्हतं, म्हणून मी गिळलं.

या वर्षी काम होतं. तात्यांची पांढरी गाडी. म्हशीला धडकून बॉनेट आणि डावा दरवाजा गेला होता. दसऱ्याला तात्या त्या गाडीतून शिलंगणाला निघणार, पुढं वाजंत्री, मागं गाव. गाडी दुपारपर्यंत पाहिजे. खड्ड्यांत लांबी भरणं, घासाई, प्रायमर सगळं मी आधीच उरकलं होतं. शेवटचा हात तेवढा दसऱ्याच्या सकाळी मारायचा होता.

सकाळी शेठनं नारळ फोडला आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं. टाकीत आधीचं पाणी तसंच. वर नवी हवा भरायला लागली. मी म्हणालो, शेठ, आधी पाणी सोडू द्या. तो म्हणाला, आज न्हाई. मी म्हणालो, मग तुम्ही सोडा, मी हात लावत न्हाई. तर म्हणाला, सणाच्या दिवशी भरलं भांडं कुणी पालथं घालतं का, पूजेच्या टाकीतलं सोडलं की लक्ष्मी जाते. आमच्याकडं दिवाळीच्या संध्याकाळी केर काढत नाहीत, तसलाच हा प्रकार. पण केर घरात राहिला तर रंगाला फोड येत नाहीत.

मी गनमधून नुसती हवा आरशावर मारून दाखवली. आरशावर बारीक ठिपके उठले. फिल्टरची वाटी काठोकाठ भरलेली. ती सोडली तर परत भरली. शेठनं आरसा बघितला, घड्याळ बघितलं, रस्त्याकडं बघितलं. मग म्हणाला, "मार पेंटर. तात्याची गाडी हाय, देव सांभाळंल."

मी मारला. नाही म्हटलं असतं तर त्याच दिवशी घरी बसलो असतो. घरी बसलेला पेंटर आणि बसलेला बैल, दोघांची किंमत सारखीच.

पहिल्या हातालाच गन थुंकली. पांढऱ्या रंगात पाण्याचे डोळे उघडले, एक, दोन, मग बॉनेटभर. मी थांबलो. शेठ म्हणाला, वरून जाड मार, झाकंल. जाड मारला. झाकलं. लवकर वाळावी म्हणून शेठनं गाडी उन्हात काढली, आणि उन्हानं आतलं सगळं वर आणलं. बॉनेटवर देवी आल्यासारखे फोड.

तेवढ्यात बाळराजे आला, तीन पोरं घेऊन. नवा कुर्ता, कपाळाला गंध. गाडीभोवती फिरला. बोट फिरवलं. एक फोड नखानं फोडला, खालून प्रायमर दिसला. मग सावकाश विचारलं, कुणी केलं. शेठनं क्षणभरही वेळ लावला नाही. म्हणाला, पेंटरनं.

मी सांगितलं. टाकीत पाणी होतं, दोन दिवस काढलं नव्हतं, मला काढू दिलं नाही. सरळ सांगितलं, मान खाली न घालता. आता वाटतं, त्याला फोडांपेक्षा माझी ती वर असलेली मान जास्त टोचली असणार. तो म्हणाला, दाखव कुठं हाय पाणी. मी वाकलो आणि कॉक उघडला. फवारा फरशीवर आला, त्याच्या कोल्हापुरीवर उडाला.

"मांगा," तो म्हणाला, "पूजा केलेल्या मशिनीला हात लावलास?"

म्हणजे बॉनेट राहिलं बाजूला. त्यांनी हवेचा रबरी पाईप उपसला. त्याच्या टोकाला लोखंडी नोझल असतं. पाठीवर बसलं, कानावर बसलं, एक दात गेला. मिस्त्री बघत होता. शेठ बघत होता. समोर पानटपरीवर माणसं होती, तीही बघत होती. एक जण तर पुढं आला, आणि मला वाटलं सोडवायला आला. तो बाळराजेला म्हणाला, मालक, कुर्त्याला रक्त लागंल. मग त्यांनी पाईप टाकला आणि माझी मान धरली. पुढचं सांगितलंच आहे.

ते गेल्यावर मी फरशीवर पडून ओकत होतो. शेठ गॅरेजमागच्या घरात गेला आणि तांब्या घेऊन आला. मला वाटलं, चूळ भरायला पाणी आणलं. त्यात गोमूत्र होतं. तो माझ्या अंगावरून पलीकडं गेला आणि टाकीवर शिंपडलं. पुसलं गेलेलं कुंकू परत लावलं. हार नीट केला. मग माझ्याकडं वळून म्हणाला, उद्या लवकर ये, बॉनेट परत घासायला लागंल.

उद्या ये. याच मशिनीवर, याच हातानं. घासायला, रंगवायला, बेल्ट बदलायला, तेल बघायला माझा हात चालतो. त्या माणसाला यात काहीच वाकडं दिसत नव्हतं. रागावलेलाही नव्हता तो. आमच्या दोघांत जे आहे ते मला त्या वेळी, ओकारीत पडल्या पडल्या, पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. माझा हात साफ आहे म्हणणारे सगळे लोक आठवले आणि त्यांच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं.

घरी बायको मीठपाणी करून देत होती आणि मायनं ते पाजून पाजून ओकायला लावलं. माय रडत नव्हती. दातओठ खात होती. बाप बाजेवर बसून सगळं बघत होता. त्यानं एकच विचारलं, तू उलट बोललास का. मी म्हणालो, खरं बोललो. तो म्हणाला, तेच ते.

संध्याकाळी तात्यांचा निरोप आला. सण आहे, वैर ठेवायचं नाही, बापाला घेऊन ये, सोनं दे, पाया पड, विषय संपला. दसऱ्याला आपट्याची पानं सोनं म्हणून देतात आणि लहान मोठ्याच्या पाया पडतो. वर्षाची भांडणं त्या पानाखाली गाडायची अशी रीत आहे. चांगली रीत आहे. फक्त आमच्या गावात पान नेहमी एकाच बाजूनं दुसऱ्या बाजूला जातं.

मी जात नव्हतो. बाप म्हणाला, पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. माय म्हणाली, जाऊ नको. बाप काठी घेऊन एकटाच निघाला. गुडघे गेलेला माणूस अंधार पडायच्या आत पोचावं म्हणून घाई करत होता. मला ते बघवलं नाही. मी त्याच्या मागं गेलो.

बंगल्याच्या पोर्चमध्ये तात्या खुर्चीवर. रांग लागलेली. आमची पाळी आली. तात्या गोड बोलले. तरणं रक्त आहे, दोन्हीकडून चुकलं, आता बाळराजेला सोनं दे आणि पाया पड. बाळराजे बाजूला उभा होता. त्यानं नुसता पाय पुढं केला. पायात आता बूट होता.

मी उभाच राहिलो. पान हातात. तेव्हा माझा बाप वाकायला लागला. मुलाच्या बदली. त्याला वाकायला वेळ लागतो. आधी काठी खाली ठेवली, मग एक हात फरशीला टेकला, मग एक गुडघा, मग कण्हत दुसरा. ज्याला त्यानं लहानपणी खांद्यावरून शाळेत नेलं त्या पोराच्या बुटावर कपाळ टेकवायला निघाला होता.

"तू न्हाई म्हाताऱ्या, ह्याला वाकू दे," बाळराजे म्हणाला, आणि बुटानं त्याच्या खांद्याला ढकललं. बाप कुशीवर पडला. पडल्या पडल्या त्यानं परत हात जोडले.

मी बापाला बखोटीला धरून ओढलं. जोरात ओढलं, इतकं की त्याची बाही फाटली आणि तो ओरडला. मला दया नव्हती येत त्या वेळी. त्याचाही राग आला होता मला, त्या जोडलेल्या हातांचा जास्तच.

"न्हाई वाकणार," मी म्हणालो. "आन् ह्यालाबी वाकू देणार न्हाई."

बाळराजेनं हात उगारला. तो हात माझ्या हातात आला, म्हणजे अंगठा आला. मी तो मागं मोडला. हाडाचा आवाज झाला. तो गुडघ्यावर आला आणि किंचाळला, आणि खोटं कशाला बोलू, मला तो आवाज गोड लागला. मग सगळी रांग माझ्यावर पडली. मघाशी सोनं वाटणारे हात होते ते. डोकं फुटलं, बरगडी गेली. पण मी खाली पडलो तो मारानं पडलो. त्यांनी कितीही खेचलं तरी मी पायाला हात लावला नाही.

त्याच रक्तात ठाण्यात गेलो. मायनं नेलं, रिक्षात घालून. तिथला माणूस म्हणाला, पाणीच पाजलं ना, ॲसिड तर नाही. माय म्हणाली, मग तुमी प्या, मी आणते. आणि दारात बसली. उठली नाही. वस्तीतली चार पोरं आली, तीही बसली. शेवटी ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवला. तिकडून माझ्यावर अंगठ्याचा गुन्हा दाखल झाला. तो खरा आहे. न्यायाधीशानं विचारलं तर सांगणार, हो, मोडला.

तेव्हापासून हायवेवरचं एकही गॅरेज मला उभं करत नाही. नेकनूरला विचारलं, तिथंही तात्यांचा फोन आधी पोचला होता. लोकांच्या लोखंडी गेटांना ब्रशनं रंग देतो. वस्तीतल्या बायकांना तात्यांच्या रानात सोयाबीन काढायला बोलावलं नाही. त्या बायका आता नळावर मायला बोलतात की तुझ्या पोराच्या तोऱ्यापायी आमची चूल थंड झाली. त्यांचंही खरं आहे. भूक सगळ्यांची खरी असते. तात्यांना तेच तर पाहिजे की आम्हीच एकमेकांचे गळे धरावेत.

परवा शेठ आला. वस्तीत पहिल्यांदा आला. बाजेवर बसला नाही, उभ्यानंच बोलला. म्हणाला, दोघं केस मागं घ्या, जबाबात एवढंच म्हण की पाणी चुकून तोंडात उडालं, तात्या तुला वेगळं गॅरेज टाकून देतात, कंप्रेसर नवा घेऊन देतात. मी विचारलं, त्या कंप्रेसरला खंडेनवमीला हात लावायचा की नाही. तो हसला नाही. म्हणाला, डोकं ठिकाणावर ठेव, रस्त्यानं ट्रक लई जोरात जातेत. मी त्याला दार दाखवलं.

धमकी खरी आहे हे मला माहीत आहे. म्हणून मी घरात एक काम सुरू केलं आहे. जेवणं झाली की सगळ्यांना समोर बसवतो आणि जे झालं ते म्हणवून घेतो. कोण होतं, कुणी मान धरली, कोण काय बोललं, तोंडात काय घातलं. माय म्हणते. बायको म्हणते. तिला आधी रडू यायचं, आता एकही शब्द चुकत नाही. मी ट्रकखाली गेलो तर कोर्टात या दोघी उभ्या राहतील. मला नको ते मरण, मला जगायचं आहे. पण माझ्याबरोबर हे मरता कामा नये.

बाप म्हणत नाही. त्याला फक्त बंगल्यातलं बोलायचं आहे, दोनच वाक्यं. मी पाया पडत होतो. त्यानं मला बुटानं ढकललं. तो पहिलं वाक्य म्हणतो आणि दुसऱ्याला भिंतीकडं तोंड करतो. काल म्हणाला, "त्यानं न्हाई ढकललं रे, मीच घसरलो." माय म्हणाली, म्हाताऱ्याला सोड, जन्म गेला त्याचा. मी सोडणार नाही. आज परत बसवणार, उद्या परत. शिव्या देईल, रडेल, मारायला काठी उचलेल, तरी बसवणार. साक्षीदारांत त्याचं नाव आहे. कोर्टाच्या पिंजऱ्यात तात्यांच्या डोळ्यांसमोर त्याला ते वाक्य म्हणायचं आहे, आणि तो म्हणेपर्यंत मी त्याला सुखानं झोपू देणार नाही.